उद्यमनगराने बारा व्होल्टचा गरम पाण्याचा पंप करायला घ्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फौंड्रीच्या ऑर्डरी थंडावल्या की उद्यमनगरातल्या, म्हणजे कोल्हापूरच्या आपल्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, चहाच्या गाड्यावर एकच विषय निघतो: आता नवीन काय करायचे? आपल्या वाचकांच्या पत्रांतही हा प्रश्न वरचेवर येतो. कोणी इलेक्ट्रिक गाड्यांचे सुटे भाग सुचवतो, कोणी संरक्षण खात्याची कामे. माझी सूचना एका वस्तूपुरती आहे. तळहातावर मावेल एवढा, बारा किंवा चोवीस व्होल्ट डीसीवर, म्हणजे थेट बॅटरीवर चालणारा, गरम पाणी फिरवणारा पंप. तो कोल्हापुरात व्हावा असे मला फार मनापासून वाटते, म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी छापावे ही विनंती.

मी सैन्यात ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीच्या शाखेत, हवालदार होतो. गाड्या, जनरेटर, पंप हेच काम. निवृत्त झाल्यावर उद्यमनगरात मोटर वायंडिंगचे आणि पंप दुरुस्तीचे छोटे दुकान टाकले. नोकरीतला बराच काळ लडाखात गेला. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीपासून गडहिंग्लज, आजरा, चंदगडपर्यंत कितीतरी घरांतले कोणी ना कोणी त्या थंडीत राहून आलेले आहे. त्यांना बुखारी म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पत्र्याचे एक पिंप, त्यात रॉकेल थेंबाथेंबाने पडून जळत राहते आणि धुराचे नळकांडे छतातून बाहेर जाते. जवळ बसलेल्याचे गुडघे भाजतात, पाठ मात्र गारठलेलीच. नळकांडे काजळीने चोंदले की कार्बन मोनॉक्साइड खोलीत साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. म्हणून निजण्याआधी बुखारी विझवायची हा आमच्याकडे कडक नियम होता, आणि विझवली की पहाटेपर्यंत उशाशी ठेवलेल्या बाटलीतले पाणी गोठलेले असायचे.

यावरचा उपाय जुना आणि सरळ आहे. आग एका जागी ठेवायची, माणसे दुसऱ्या जागी, आणि मधली ने-आण पाण्याकडे सोपवायची. घराबाहेरच्या खोपटात किंवा स्वयंपाकघरात मोठा बंद बंब बसवायचा, त्यात लाकूड किंवा शेण्या जाळायच्या. तापलेले पाणी पाइपातून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये किंवा जमिनीत गाडलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत फिरवायचे, निवलेले पाणी परत बंबात आणायचे. जमिनीतल्या नळ्यांना ३५ ते ४५ अंशांचे पाणी पुरते, म्हणजे आपण अंघोळीला घेतो साधारण तेवढेच. धूर निजायच्या खोलीत शिरत नाही आणि खोली सगळीकडून सारखी तापते. थंड देशांत घरोघरी हीच पद्धत आहे. लेहमधल्या हॉटेलांत ती केव्हाच आली, आता गावांतल्या होमस्टेवालेही करून घेऊ लागले आहेत. अडचण एवढीच, की पाणी फिरवायला वीज लागते आणि नेमकी हिवाळ्यात, नेमकी रात्री, ती तिथे भरवशाची नसते. कित्येक घरे तर सोलर पॅनेल आणि बॅटरीवरच चालतात.

इथे पंपाचा प्रश्न येतो. पंप म्हटले की आपण कोल्हापूरकर उपसा समजतो, आणि ते साहजिक आहे. पंचगंगा, भोगावती, वारणेच्या काठाने नदीचे पाणी उचलून लांबवर उसाला नेणारी माणसे आपण. पाच, साडेसात, दहा एचपीच्या खाली आपल्याकडे बोलणेच होत नाही. घर तापवायचे म्हटल्यावरही वायरमन आधी विचारतो, ‘माळा किती उंच आहे?’ पण पाणी बंद फेऱ्यात फिरत असेल तर उंचीचा प्रश्नच उरत नाही. जेवढे पाणी वर चढते तेवढेच पलीकडून खाली उतरते आणि दोन्हींचे वजन एकमेकाला तोलून धरते. विहिरीच्या कप्पीवर दोरखंडाच्या दोन्ही टोकांना सारख्याच भरलेल्या घागरी बांधल्या तर एका बोटाने दोर हलतो, तसे. एकदा फेरा पूर्ण भरला आणि त्यातली हवा काढली की पंपाला फक्त पाइपाच्या आतला रोध मोडायचा असतो.

हिशेब मांडतो. एक लिटर पाणी एक अंशाने निवले की एक किलोकॅलरी उष्णता सोडते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. मिनिटाला १० लिटर पाणी फिरत असेल आणि खोल्यांतून जाऊन येताना १० अंशांनी निवत असेल, तर मिनिटाला १०० किलोकॅलरी घरात राहिल्या. किलोवॅटमध्ये साधारण ७. म्हणजे दोन किलोवॅटचे साडेतीन गिझर एकदम चालू ठेवल्यावर मिळेल एवढी ऊब. आता ते १० लिटर फिरवायला काय लागते? पाइप, रेडिएटर, बेंड सगळे मिळून रोध २ मीटरचा, म्हणजे पाणी २ मीटर उचलायला लागेल एवढा, धरा. पाण्याला द्यावी लागणारी शक्ती सव्वातीन वॅट भरते. एवढ्या लहान पंपाची कार्यक्षमता काही चांगली नसते, पंचवीस-तीस टक्के धरा. तरी बॅटरीतून ११ ते १३ वॅटच जातात. सात हजार वॅटची ऊब घरभर पोचवायला बारा वॅट! हा आकडा मी आपल्याकडच्या इंजिनिअर मुलांनाही सांगतो, तेव्हा ते आधी कॅल्क्युलेटर काढतात.

लेहपासून आत एका गावात माझ्या लष्करातल्या एका लडाखी जोडीदाराचे घर आहे. निवृत्तीनंतर त्याने घराच्या काही खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आणि गरम पाण्याची व्यवस्था करून घेतली. काम घेणाऱ्याने त्याला अर्धा एचपीचा, २३० व्होल्टचा साधा पाण्याचा पंप, मोठा इन्व्हर्टर आणि दोन ट्युब्युलर बॅटऱ्या दिल्या. अर्धा एचपी म्हणजे विजेच्या बाजूला पाचशे वॅटच्या पुढे, त्यावर इन्व्हर्टरची घट वेगळी. बॅटरी थंडीत आधीच अर्धमेली असते. शून्याच्या आसपास लेड-ॲसिड बॅटरीची पंधरा-वीस टक्के ताकद जाते, त्याच्या खाली तर आणखी. रात्री दहाला पंप चालू केला की पहाटेच्या आत इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद.

मी गेलो होतो तेव्हा ते डोळ्यांनी पाहिले. पंप थांबला, पण बंबातली लाकडे थांबत नाहीत. आधी पाइपांत ठकठक सुरू झाली, कोणी भिंतीच्या आत हातोडी मारत असल्यासारखी. मग माळ्यावरच्या टाकीतून पाणी उसळून छतावर सांडू लागले आणि सांडता सांडता गोठू लागले. जोडीदाराची म्हातारी आई, तिला तिकडे आमा-ले म्हणतात, झोपेतून उठून शांतपणे लोखंडी फावड्याने बंबातले निखारे ओढून बाहेर बर्फात टाकत होती. तिला त्याची सवय झाली होती, याचेच मला जास्त वाईट वाटले. घर तापवायची सोय करायची आणि सत्तरीच्या बाईने पहाटे निखारे उचलायचे!

पुढच्या फेरीला मी इथून बारा व्होल्टचा पंप घेऊन गेलो. बाहेरून मागवलेलाच, कारण आपल्याकडे कोणी करत नाही. जुना पंप काढला आणि हा परतीच्या पाइपावर, बंबात शिरण्याच्या थोडे आधी बसवला. जागेला महत्त्व आहे. परतीचे पाणी निवलेले असते, त्यामुळे पंपाच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला ताप कमी लागतो. शाफ्ट आडवा राहील असा धरला, कारण या पंपांचा रोटर (मोटरचा फिरता भाग) पाण्यातच फिरतो आणि त्याच्या बुशला, म्हणजे शाफ्ट ज्या कड्यात फिरतो त्याला, वंगण म्हणून तेच पाणी मिळते. शाफ्ट उभा केला की वरच्या बाजूला हवा अडकते आणि बुश कोरडे घासते. माळ्यावरच्या टाकीचा पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडला, म्हणजे पंपाला मागून नेहमी दाब मिळतो. मग प्रत्येक रेडिएटरची हवा सोडत गेलो. शेवटच्या खोलीतला रेडिएटर आधी फुसफुसला, मग त्यातून काळपट पाण्याची पिचकारी आली, मग स्वच्छ धार. पंपाचा आवाज असा नाहीच, पाइपाला कान लावला तर बारीक गुणगुण ऐकू येते. आमा-ले परतीच्या पाइपावर हात ठेवून उभी होती. पाइप कोमट झाला तशी तिने मान हलवली आणि चहा ठेवायला गेली.

आता त्या घरात रात्रभराचा पंपाचा खर्च दीडशे वॅट-तासांच्या आत बसतो. बारा व्होल्टच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत बाराशे असतात. निम्मीच वापरायची ठरवली तरी ऊन नसलेले दोन दिवस सहज निघतात. मोठा इन्व्हर्टर काढून टाकला.

इन्व्हर्टर का काढला, हे मुद्दाम सांगतो. बाजारात २३० व्होल्टवर चालणारे चांगले सर्क्युलेशन पंपही आहेत. युरोपीय संघाने २०१३ पासून अशा पंपांना कार्यक्षमतेची अट घातली आणि २०१५ मध्ये ती आणखी कडक केली, त्यामुळे तिथले साठ-नव्वद वॅट खाणारे जुने पंप मागे पडून कायम चुंबकाच्या मोटरचे पंप आले. ते दहा-वीस वॅटवर चालतात. जिथे लाइट जात नाही तिथे तेच घ्यावेत, माझी काही हरकत नाही. पण जिथे सगळा कारभार बॅटरीवर आहे तिथे आधी बारा व्होल्टचे २३० करायचे, मग पंपाच्या पोटातल्या सर्किटने त्याचे पुन्हा डीसी करायचे, हा उलटा घास कशाला? मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा-वीस वॅट खातो, म्हणजे पंपाएवढेच. शिवाय एक जास्तीचे यंत्र म्हणजे पहाटे तीन वाजता बंद पडू शकणारी एक जास्तीची गोष्ट.

कोणी म्हणेल, पंपच कशाला हवा? गरम पाणी आपोआप वर चढते, आपल्या गच्चीवरचे सोलर हीटर तसेच चालतात. खरे आहे. बंब सगळ्यांत खाली, पाइप जाड आणि चढते असतील तर घरही तसे तापते. पण तयार घरात बंब आणि खोल्या एकाच पातळीवर असतात. जमिनीत गाडलेल्या नळ्यांत तर पाण्याला बंबाच्या खाली उतरावे लागते, तिथे आपोआप काही होत नाही.

असे असले तरी आपोआप चढणाऱ्या पाण्याची एक वाट प्रत्येक घरात ठेवलीच पाहिजे, आणि हे मला ठळक सांगायचे आहे. पंप बारा व्होल्टचा असो की २३०चा, एक ना एक दिवस तो थांबणार. फ्यूज जाईल, वायर सुटेल, उंदीर कुरतडेल. तेव्हा लाकडाच्या बंबातली उष्णता कुठे जाणार? लेहची उंची साडेतीन हजार मीटर आहे, तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. बंद भांड्यात पाण्याची वाफ झाली तर तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. म्हणून बंबाच्या वरच्या अंगाला एक रेडिएटर असा जोडावा, की पंप बंद पडल्यावर पाणी आपोआप त्याच्यातून फिरत राहील. माळ्यावरची टाकी उघडी ठेवावी, बंब आणि टाकी यांच्यामध्ये कुठलाही व्हॉल्व्ह नको, आणि तो पाइप थंडीत गोठणार नाही असा घराच्या आतून न्यावा. फेरा बंद दाबाचा असेल तर सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच. जो मिस्त्री या गोष्टी ‘नंतर बघू’ म्हणतो त्याला काम देऊ नये.

बारा व्होल्टच्या वायरिंगकडेही आपल्याकडचे वायरमन कानाडोळा करतात. शॉक बसत नाही म्हणून पातळ वायर ओढतात. पण व्होल्टेज कमी तर करंट जास्त. बारा वॅटला २३०वर साधारण ०.०५ अँपिअर पुरतो, बारावर पूर्ण एक अँपिअर लागतो. बॅटरी आणि पंप यांच्यात २० मीटर अंतर असेल तर जाण्या-येण्याची मिळून ४० मीटर वायर होते. पाऊण चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जिरतो, अडीचच्या वायरीत पाव व्होल्टच्या थोडा वर. बारातला एक गेला म्हणजे आठ टक्के गेले. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा, आणि स्विच डीसीचा म्हणून विकला जातो तोच घ्यावा, कारण डीसीची ठिणगी एसीसारखी स्वतःहून विझत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली असेल तर ती शून्याच्या खाली चार्ज करू नये, एवढ्यानेच ती कायमची बिघडते. ती उबेच्या खोलीत ठेवावी. पाण्यात गोठू नये म्हणून घालायचे ग्लायकॉल प्रॉपिलिन जातीचे असावे. गाड्यांच्या कूलंटमधले एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, आणि त्याच फेऱ्यातून आंघोळीचे पाणी तापवले जात असेल तर गळतीतून ते घरात येऊ शकते. ग्लायकॉलने पाणी दाट होते आणि उष्णताही थोडी कमी वाहते, तेव्हा पंप थोडा वरच्या मापाचा घ्यावा.

आता मूळ मुद्दा. हा पंप आज घ्यायचा तर बहुतेक परदेशातला घ्यावा लागतो. फार महाग आणि चांगला, नाहीतर फार स्वस्त आणि बेभरवशाचा. स्वस्तातले कितीतरी पंप माझ्या टेबलावर उघडून पडले आहेत. डब्यावर ‘१०० अंश’ छापलेले असते, पण आतली सर्किट प्लेट पातळ प्लॅस्टिकच्या एका पडद्यापलीकडे गरम पाण्याला पाठ लावून बसलेली असते. तिच्यावरचे मॉस्फेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, तापून जातात. काहींच्या बुशमध्ये शाफ्ट खुळखुळतो, काहींचे प्लॅस्टिकचे घर वाकडे होऊन इम्पेलर घासतो. बॅटरी चार्ज होताना व्होल्टेज १४.४ पर्यंत चढते, ते झेपेल असा विचारच काहींत केलेला नसतो. पाणी नसताना फिरला तर स्वतःहून थांबावा, एवढीही सोय नसते. आणि बंद पडल्यावर सुटा भाग मिळत नाही, अख्खा पंप फेकायचा. लडाखातल्या गावात जानेवारीत तो कुठून आणायचा?

यातले काय कोल्हापुरात होऊ शकत नाही? पंपाचे घर पितळेचे किंवा गनमेटलचे ओतायचे आहे. ज्या शहरातली कास्टिंगे देशोदेशीच्या गाड्यांत बसतात, त्याला हे जड नाही. स्टेटर वायंडिंगचे काम तर माझ्या गल्लीत लहान वयापासून हातांना येते. रोटर आणि स्टेटर यांच्यामधला पातळ स्टेनलेसचा डबा ओढून काढणारे प्रेसवाले आहेत. चुंबक निओडिमियमचेच पाहिजेत असे नाही. २०२५ मध्ये चीनने अशा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणल्यावर सगळ्यांची धावपळ झाली. या पंपाला फेराइटचे चालतात, पाण्यात गंजत नाहीत, उष्णता चांगली सोसतात आणि स्वस्त पडतात. सिरॅमिकचा शाफ्ट आणि कार्बनचे बुश बाहेरून आणावे लागतील. सर्किट प्लेट पुण्यात करून घेता येईल. गेल्या काही वर्षांत बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे घरोघरी आले, पंचाहत्तर वॅटच्या जागी तीस वॅटवर चालणारे. त्यांच्या मोटरमागचे तत्त्व हेच आहे, आणि ते पंखे दुरुस्त करणारी पोरे आपल्याच गल्ल्यांत तयार झाली आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला तेव्हा आजूबाजूला काय होते? आणि कोल्हापूरच्या जुन्या पिढीतले यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्री यांच्या परंपरेचे नाव आपण उद्यमनगरात अभिमानाने घेतो, ती परंपरा उघडून बघायची आणि आपले करून दाखवायची होती.

‘इथे कोण घर तापवतोय?’ असे मला एका कारखानदार मित्राने विचारले. पंप इथे करायचा, विकायचा लडाख, स्पिती, किन्नौर, सिक्कीम, तवांगला. लष्कराच्या चौक्यांना हवा, होमस्टेला हवा, शाळा-वसतिगृहांना हवा. पण इथेही त्याला काम आहे. मोठ्या वसतिगृहांच्या आणि दवाखान्यांच्या गच्चीवरच्या सोलर हीटरमध्ये पाणी पंपाने फिरवावे लागते. तिथे छोट्या पॅनेलला थेट जोडलेला डीसी पंप लावला तर ऊन चढेल तसा तो जोरात फिरतो, ढग आले की मंदावतो, संध्याकाळी थांबतो. ना बॅटरी, ना टायमर. आपल्या पोल्ट्रीवाल्यांना पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३५ अंशांची ऊब द्यावी लागते. बल्ब लावले की लाइट गेल्यावर पिले एकावर एक चढून चेंगरून मरतात, कोळशाची शेगडी ठेवली की शेडमध्ये धूर आणि वायू. शेडबाहेर बंब आणि लादीखाली गरम पाण्याची नळी, असे एखाद्याने करून बघायला हवे. बारा वॅटला गाडीची जुनी बॅटरीही पुरेल.

कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशनला आणि शासकीय तंत्रनिकेतनाला माझी एक विनंती आहे. लगेच पंप करायला न घेता आधी चाचणीचा बाक (टेस्ट बेंच) करावा. एक टाकी, एक हीटर, पाइपाचा एक बंद फेरा, प्रवाहाचे आणि दाबाचे मीटर, बारा आणि चोवीस व्होल्टचा पुरवठा. त्यावर बाजारात मिळणारे पंप ७० अंशांच्या पाण्यात रात्रंदिवस फिरवून बघावेत, मुद्दाम कोरडे चालवावेत, व्होल्टेज वर-खाली करून बघावे, तारा उलट्या जोडाव्यात, ग्लायकॉल घालून गारठवून सुरू करावेत. कुठला कशाने मेला ते नोंदवावे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना यापेक्षा चांगला प्रोजेक्ट मिळणार नाही, आणि आपला पंप कसा असावा हे त्या नोंदीतूनच ठरेल. माझ्याकडचे उघडलेले सगळे पंप मी त्यांना देईन, वायंडिंगचे काम लागेल ते विनामूल्य करीन. लडाखातल्या घरात नमुना लावून हिवाळाभर बघायची जबाबदारीही माझी. जोडीदाराशी तसे बोलून ठेवले आहे.

फक्त वेळेचे भान ठेवावे लागेल. मनालीकडून लेहला जाणारा रस्ता हिवाळ्यात महिनोन्महिने बंद असतो, आणि तिकडे बांधकाम, पाइप जोडणी सगळे उन्हाळ्यातच होते. ऑक्टोबरात बंब पेटतो. म्हणजे नमुन्याचे पंप पुढच्या वर्षी ऑगस्टअखेर वर पोचायला हवेत, आणि त्यासाठी चाचणीचा बाक येत्या दिवाळीच्या आत उभा राहायला हवा.

आपला,
एक निवृत्त हवालदार (ईएमई)
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर